संग्रहालयात आपली जागा



मार्च जवळ आला की मोठ्या शहरांतल्या कलासंग्रहालयांच्या कार्यक्रमपत्रिका येऊ लागतात आणि त्यांत आठ तारखेच्या आसपास आपल्यासाठी काही ना काही असतंच. स्त्री-चित्रकारांच्या चित्रांचं एखादं दालन, ‘कलेतील स्त्री’ अशा धर्तीचं व्याख्यान, कुठे त्या दिवसापुरता महिलांना मोफत प्रवेश. एप्रिल उजाडेपर्यंत भिंतींवर पुन्हा पूर्वीचीच चित्रं लागलेली असतात. एरवी या विषयावर संपादकीय लिहावं असं वाटलं नसतं. आपल्या त्रैमासिकाची पानं मोजकी. पोटगी, रेशन, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ, वस्त्यांचं पुनर्वसन हे विषय कायम रांगेत उभे. पण या वेळी संग्रहालयच आपल्या कार्यालयाच्या दारात आलं आहे आणि त्याला काय उत्तर द्यायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. तो आमच्या गटापुरता ठेवणं बरं नव्हे, कारण आज ना उद्या अशी पत्रं तुमच्याकडेही येतील.

झालं ते असं. शहरातल्या एका कलासंग्रहालयाने स्त्री-चळवळ आणि कला या विषयावर पुढच्या वर्षी प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. बोलणी चालू आहेत म्हणून नाव देत नाही. १९८० ते २००० या काळातली आपली पोस्टरं, कापडी फलक, हस्तपत्रकं आणि पथनाट्यांचे फोटो त्यांना चार महिन्यांसाठी हवे आहेत. सोबत कार्यक्रमांचा कच्चा आराखडाही जोडला होता. तज्ज्ञांबरोबर प्रदर्शनाच्या फेऱ्या, दोन परिसंवाद, शाळकरी मुलांसाठी पोस्टर रंगवण्याची कार्यशाळा आणि अगदी शेवटी ‘वस्तीतील महिलांसाठी विशेष भेट’.

कार्यालयातल्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आमच्या वयाच्या कार्यकर्त्यांनी ती फार तर दोन-तीनदा उघडली असेल. तिच्यातली बरीच पोस्टरं रंगवली गेली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. ट्रंक खाली काढली, बैठक बोलावली, आणि पहिल्या पाच मिनिटांतच दोन तट पडले. सुरुवातीपासून चळवळीत असलेल्या एक ताई म्हणाल्या, ‘‘पोस्टर भिंतीसाठी असतं. रात्री खळ लावून चिकटवायचं, सकाळी कोणी फाडलं तर दुसरं लावायचं. काचेत घातलेलं पोस्टर म्हणजे पेंढा भरलेला वाघ.’’ दुसऱ्या ताईंनी न बोलता एक गुंडाळी उलगडून दाखवली. कसरीने तिची चाळण केली होती. घरकामगार संघटनेच्या मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘तिथं आमाला आत घेत्यात का? आन चपला कुठं काढायच्या?’’ कोणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. जिथे शांतता आणि गार फरशी असते तिथे चपला बाहेर काढायच्या असतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. पोस्टरं द्यायची की नाही हा प्रश्न मला त्या क्षणापासून दुय्यम वाटू लागला.

बायका संग्रहालयात नाहीत असं कोणालाच म्हणता येणार नाही. भिंतीभिंतीवर, कपाटाकपाटात त्या आहेत. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘गरिला गर्ल्स’ या स्त्री-कलावंतांच्या गटाने तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात चक्क शिरगणती केली. तोंडावर गोरिलाचे मुखवटे चढवून वावरणाऱ्या या बायका. आधुनिक कलेच्या विभागात स्त्री-कलाकार ५ टक्क्यांहूनही कमी निघाल्या आणि नग्नचित्रांतली ८५ टक्के चित्रं बायकांची निघाली. या आकड्यांचं त्यांनी पोस्टर केलं आणि ते जगभर गाजलं. मला त्यांच्या मुखवट्यांपेक्षा त्यांची मोजणी आवडते. वही-पेन्सिल घेऊन दोन मैत्रिणींना एका दुपारी करता येईल असं हे काम आहे. आपल्या गावातल्या, जिल्ह्यातल्या संग्रहालयात ते करून बघा. किती कलाकृती बाईने केलेल्या, किती बाईच्या, आणि त्यांतल्या किती बायकांना नाव आहे? आकडे आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं संग्रहालय आहे. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. लालबाग, परळ, भायखळा, आग्रीपाड्यातल्या आपल्या बायकांचं राणीच्या बागेत येणंजाणं असतं. पोरांना हत्ती, हरणं, आता पेंग्विन दाखवायला त्या जातात. त्याच आवारातल्या या इमारतीच्या पायऱ्या मात्र कितीतरी जणी कधीच चढलेल्या नाहीत. आत काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. ही कोण, ती कोण, तिचा पेहराव कसा, तिचं काम कोणतं, असं एकेक समाजाचं माणूस नमुना म्हणून घडवलेलं. कारागिरी पाहत राहावी अशी आहे. पण नमुन्याला नाव नसतं. साहेबाला ‘नेटिव्ह’ लोकांची ओळख व्हावी म्हणून जी मोजदाद चालली होती, तिच्यातच या पुतळ्या घडल्या.

मागे मी वस्तीतल्या अकरा जणींना घेऊन तिथे गेले होते. त्यांना बरोबर कोणी तज्ज्ञ लागला नाही. एका पुतळीचं लुगडं नीट नेसवलं आहे की नाही यावर दोघींचा इतका वेळ वाद चालला की पाहरेकरीही येऊन ऐकू लागला. त्या दोघींकडे जे ज्ञान होतं ते कपाटाखालच्या पाटीवर नव्हतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला ‘लाभार्थी’ हा शब्द शिकवला, संग्रहालयवाल्यांचा शब्द आहे ‘आउटरीच’. दोन्ही शब्दांत देणारा वर आणि घेणारी खाली. त्या दुपारी देवाणघेवाण कुठल्या दिशेने चालली होती, हे मला तरी नक्की सांगता आलं नसतं.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. दिनकर केळकरांनी आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं आणि १९७५ साली सरकारच्या हवाली केलं. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वज्री, फण्या, स्वयंपाकाची भांडी. राजेरजवाड्यांच्या तलवारींनी भरलेल्या संग्रहालयांपेक्षा हे मला कितीतरी जवळचं वाटतं, कारण केळकरांना बाईच्या हातातली वस्तू जपून ठेवावीशी वाटली. तरी प्रश्न उरतोच. पाटीवर धातू कळतो, प्रांत कळतो, शतक कळतं. ती वस्तू घासणारी, तिच्याशी पहाटेपासून झटणारी बाई तिथून गेलेली असते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्च्यांत हजारो बायकांनी लाटणी हातात घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले. मोर्च्यातलं ते लाटणं मी अजून कुठल्या संग्रहालयात पाहिलेलं नाही.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. काळा घोड्याजवळच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ साली सुरू झालं. त्या वास्तूचं कलासंग्रहालय व्हावं म्हणून झटणाऱ्यांत शिल्पकार पिलू पोचखानवाला यांचा मोठा वाटा होता. १९८६ साली त्या गेल्या, दार उघडलं दहा वर्षांनी. या एकाच वास्तूत २०१८ या एका वर्षात दोन मोठी प्रदर्शनं लागली. पहिलं रावबहादूर एम. व्ही. धुरंधरांचं. त्यांनी बायका किती काढल्या! ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० सालच्या इंग्रजी पुस्तकात निरनिराळ्या प्रांतांतल्या आणि जातींतल्या स्त्रिया आहेत, त्या त्यांच्याच कुंचल्याच्या. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर जे. जे. कलाशाळेतून पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. बापाचं नाव घराघरात, मुलीचं नाव आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं आहे?

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरं प्रदर्शन लागलं ते नवजोत अल्ताफ यांचं, पाच दशकांच्या कामाचं. ते नॅन्सी अदजानिया यांनी मांडलं होतं. नवजोत यांच्या कामातला एक भाग असा आहे, जो कोणत्याच संग्रहालयात मावणार नाही. बस्तरमधल्या कोंडागावच्या परिसरात शांतीबाई, राजकुमार कोर्राम अशा तिथल्याच आदिवासी कलाकारांबरोबर त्यांनी ‘नलपार’ बांधले, म्हणजे हातपंपांभोवतालच्या पाणी भरायच्या जागा. हापसा सरकारने बसवलेला असतोच, पण भोवती चिखल, भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर उचलायचा, कंबर मोडायची. या मंडळींनी पाणी भरणाऱ्या बायका-मुलींशी बोलून ओटे बांधले, वाया जाणारं पाणी वाहून जाईल असं केलं, भरलेला हंडा उचलताना मध्ये टेकवता येईल अशा जागा ठेवल्या. वर भिंतींवर त्यांच्या ओळखीची चिन्हं आणि आकार. हे शिल्प की पाणीपुरवठा, असा प्रश्न कलासमीक्षकांना पडू दे. हंडा टेकवायला जागा मिळाली की कमरेला काय वाटतं, ते ठरवायला समीक्षक लागत नाही. पाणी, संडास, धुण्याचा दगड या प्रश्नांवर आपण नेहमी निवेदनं देतो. तिथे चित्रकाराला सोबत घ्यावं असं आपल्याला का सुचत नाही, हे मात्र मी स्वतःला विचारते आहे.

आता मुद्द्यावर येते. चळवळ संग्रहालयात गेली तर तिचं काय होतं?

एक उदाहरण आपल्यासमोर आहे. शीबा छाछी या दिल्लीच्या कलाकार. १९८० पासून हुंडाविरोधी निदर्शनांत त्या स्वतः घोषणा देत होत्या आणि फोटोही काढत होत्या. ओरडणारी बाई, उंचावलेली मूठ, पोलिसांचं कडं. पुढे त्यांनाच या फोटोंचा उबग येऊ लागला, कारण त्या बाईच्या आयुष्यातला एकच क्षण सगळीकडे छापून येत होता. तेव्हा त्यांनी सात कार्यकर्त्यांना विचारलं, तुम्हाला कसं दिसायचं आहे? कुठे उभं राहायचं, हातात काय घ्यायचं, कोणाकडे बघायचं, हे त्या बायकांनी ठरवलं. ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’ ही फोटोमालिका अशी तयार झाली. त्यात सत्यराणी चढ्ढा आहेत. १९७९ साली त्यांची गरोदर मुलगी हुंड्यापायी जळून मेली आणि तिथून त्यांचं न्यायालयात खेटे घालणं सुरू झालं. शहाजहान आपांसोबत त्यांनी १९८७ साली ‘शक्ती शालिनी’ हे निवारागृह काढलं. स्वतःच्या फोटोसाठी त्यांनी जागा निवडली ती सर्वोच्च न्यायालयाची. जावयाची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली २०१३ साली, मुलगी गेल्यावर ३४ वर्षांनी. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. ही मालिका ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात लंडनच्या बार्बिकन कलादालनात १९७५ ते १९९८ मधल्या भारतीय कलेच्या मोठ्या प्रदर्शनात लागली होती. तिकीट काढून आलेल्या लंडनकरांना शिक्षेला लागलेली ही ३४ वर्षं कळली असतील का, ठाऊक नाही. पण सत्यराणी तिथे उभ्या होत्या त्या स्वतः निवडलेल्या जागी, एवढं नक्की. संग्रहालयाला उत्तर देताना आम्ही हीच गोष्ट समोर ठेवली.

आमचा पहिला आग्रह पाटीबद्दलचा. संग्रहालयाच्या पाटीवर कलाकाराचं नाव, साल, माध्यम आणि कोणाच्या संग्रहातून, एवढं लागतं. आमच्या पोस्टरांवर सही नाही. एकीने कल्पना मांडली, दुसरीने आकृती काढली, तिसरीच्या नवऱ्याने अक्षरं रंगवली कारण तो गिरणीच्या युनियनचे फलक रंगवायचा, आणि चौथीने रात्री दोनपर्यंत जागून स्टेन्सिलने दोनशे प्रती काढल्या. संग्रहालयाच्या पहिल्या यादीत त्यापुढे आलं ‘अज्ञात कलाकार’. आम्ही कळवलं की अज्ञात कोणी नाही, आम्हाला त्या माहीत आहेत, मुद्दाम सही केलेली नाही. आता ‘सामूहिक’ असा शब्द मान्य झाला आहे आणि ज्यांची हरकत नाही त्यांची नावं खाली येतील. सगळ्या पाट्या आधी मराठीत, मग हिंदी-इंग्रजीत, हेही मान्य झालं. मराठी मजकूर मात्र आम्हीच लिहून देणार. संग्रहालयातलं मराठी वाचून आपलीच भाषा आपल्याला परकी वाटते, असा अनुभव तुम्हालाही असेल.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. ट्रंकेत काही पोस्टरं आणि कात्रणं अशी आहेत, ज्यांत खटला लढणाऱ्या बाईचा फोटो आहे, एखाद्यात नावही. मथुरा खटल्यानंतर देशभर जे आंदोलन झालं, त्यातून १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच दुरुस्तीने पीडित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे. स्वतः त्या बाईची लेखी संमती असेल तरच नाव देता येतं. पण आम्ही कायद्यापुरतं थांबलो नाही. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध १९८८ साली मोर्च्यात पुढे उभी राहिलेली बाई आज आजी आहे. तेव्हा तिने धाडस केलं म्हणून तिच्या नातसुनेच्या माहेरच्यांनी ते आज भिंतीवर बघावं, असं होत नाही. म्हणून आम्ही एकेकीला शोधून विचारतो आहोत. दोघींनी होकार दिला, एकीने स्वच्छ नकार दिला, आणि एकीचं अजून उत्तर नाही. तिचं पोस्टर ट्रंकेतच राहील.

तिसरा वाद आमच्या आमच्यातच झाला आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. १९८० च्या दशकातल्या पोस्टरांत कालीमाता, दुर्गा फार दिसते. बाईची शक्ती दाखवायची तर तेव्हा हीच प्रतिमा जवळची वाटली. ‘जवळची’ कोणाला? बैठकीतल्या मुस्लिम कार्यकर्त्या मैत्रिणीने विचारलं की ही पोस्टरं चिकटवायला तिच्या आईला बोलावलं होतं का. बौद्ध वस्तीत काम करणारी मैत्रीण म्हणाली, सावित्रीबाई पोस्टरवर यायला इतकी वर्षं का लागली, तेही पाटीवर लिहा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर मुंबईतल्या संघटनांमध्ये या प्रतिमांवर खूप चर्चा झाली. कलाकारांमध्येही मोठी घुसळण झाली. रुम्माना हुसेन यांनी बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या त्या दिवसांनंतर चित्रचौकटीबाहेर पडून मोडलेली मातीची भांडी, आरसे आणि स्वतःचं शरीर यांतून काम मांडायला सुरुवात केली. १९९९ साली, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या. चळवळीचं प्रदर्शन लावायचं तर हे भांडणही भिंतीवर लागलं पाहिजे, नुसता गौरव नको, असं आम्ही कळवलं आहे. यावर अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.

कार्यक्रमांच्या आराखड्यावर आम्ही लाल पेन्सिल चालवली. परिसंवाद शनिवारी सकाळी अकराला ठेवला होता; धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाईची ती सगळ्यांत घाईची वेळ. दुपारी तीन ते पाच ठेवा म्हटलं. दालनात बसायला बाकं हवीत, बायकांचा संडास कुठे आहे ते दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं, कडेवरचं पोर रडलं तर आईला बाहेर काढू नये. ‘वस्तीतील महिलांसाठी विशेष भेट’ काढून टाका, असंही सांगितलं. त्याऐवजी दर आठवड्याला दोन दुपारी या बायकाच प्रदर्शन दाखवतील आणि तज्ज्ञांना देता तेवढंच मानधन त्यांना द्याल. पोस्टर चिकटवायच्या रात्री पोलीस आले तेव्हा काय झालं, हे कोणत्या तज्ज्ञाला सांगता येणार आहे? हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय भरून ते शाळांत आणि गावांत नेलं आहे. मनात आणलं तर चाकंसुद्धा लागतात. आपल्या पोस्टरांच्या छापील प्रती घेऊन हेच प्रदर्शन नंतर तालुक्यांच्या गावी फिरावं, अशी अट आम्ही घातली आहे. १९८० च्या दशकात आपल्या संघटनांच्या यात्रा पोस्टरं, गाणी आणि नाटकं घेऊन राज्यभर हिंडल्याच होत्या, तेव्हा हे काही नवं मागणं नाही.

द्यायचंच कशाला, असा एक सूर शेवटपर्यंत राहिला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. संग्रहालयाखेरीज इतर जागाही आहेत. मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या आवाजांचं, चित्रांचं, कागदपत्रांचं संग्रहकेंद्र आहे. दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने देशभरच्या संघटनांकडून दीड हजाराच्या आसपास पोस्टरं गोळा करून २००६ साली ‘पोस्टर विमेन’ हा प्रकल्प लोकांपुढे आणला. आमची पोस्टरं कायमची कुठे राहावीत, याचा निर्णय आम्ही घेतलेला नाही. चार महिन्यांसाठी द्यायची, लेखी करार करून, विमा उतरवून, जाताना आणि येताना प्रत्येक कागदाची स्थिती दोघांच्या सहीने नोंदवून, एवढंच ठरलं आहे.

संग्रहालयातल्या कागद-जतन करणाऱ्या बाई ट्रंक पाहायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देते. जुनं पोस्टर टिकावं म्हणून लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि आत कागद सडतो. चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. गुंडाळी करण्यापेक्षा सपाट ठेवा, मध्ये आम्लविरहित कागद घाला, तो परवडत नसेल तर निदान वर्तमानपत्र तरी घालू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. पाठीमागे साध्या पेन्सिलीने साल, ठिकाण, कोणी केलं ते लिहा, शाईने नको. आणि आधी मोबाइलवर प्रत्येकाचा नीट फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. दालनात दिवे इतके मंद का असतात, हेही त्यांनीच सांगितलं. प्रकाशाने कागद आणि रंग उडतात, म्हणून साधारण ५० लक्सपर्यंतच उजेड ठेवतात. चाळीस वर्षं उन्हापावसात लागण्यासाठी केलेल्या कागदाचे हे लाड पाहून आमच्या ताई पहिल्यांदा हसल्या.

यादी पक्की करून द्यायला एक महिना उरला आहे आणि काही पोस्टरांबद्दल आमच्यातल्या कोणालाच काही आठवत नाही. त्यांपैकी तिघांचं वर्णन देते. एक पिवळ्या कागदावर लाल रंगातलं, उघडा पंजा आणि त्याच्या मधोमध कुलूप. तळाशी फक्त ‘ठाणे’ एवढंच वाचता येतं. दुसरं जुन्या साडीच्या तुकड्यावर रंगवलेलं आहे. त्यावर शिवणयंत्र आणि सात बायका आहेत आणि सातवीचा चेहरा मुद्दाम कोरा सोडला आहे. तिसरा फोटो आहे, पथनाट्याचा. उजवीकडून तिसरी मुलगी, दोन वेण्या, हातात डफ. मागच्या भिंतीवर कापूस खरेदी केंद्राची पाटी आहे, म्हणजे विदर्भ किंवा मराठवाडा असावा. तुमच्यापैकी कोणी यांत असेल, किंवा कोणाला ओळखत असेल, तर पोस्टकार्डाने किंवा फोनवर कळवा. फोटो बघायचे असतील तर ट्रंक सध्या खालीच आहे; दर गुरुवारी दुपारी तीननंतर कार्यालयात या.

– संपादक मंडळाच्या वतीने